शून्य दिवस

सोलापुरात आमच्या कॉलेजकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. आम्ही कार्डांवर भोकं पाडून प्रोग्राम लिहायचो, पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती गठ्ठा द्यायचो आणि आठवडाभर वाट बघायचो. मी गणित शिकवायचो. भूगर्भशास्त्राचे माझे एक सहकारी आसपासच्या विहिरींची पातळी मोजायचे. पाणी रोज किती उतरतं, ते आम्हाला काढायचं होतं.

पहिलाच निकाल वाचून ते ओरडले, "अहो, भर उन्हाळ्यात कुंभारीच्या विहिरीला पाणी चढलंय!"

चूक माझी होती. मी एकतीस मार्चला ३१०३ लिहिलं होतं आणि एक एप्रिलला १०४. मशीनने इमानदारीत वजाबाकी केली आणि काळ उलटा पळाला.

मग ठरलं, तारीख अशी लिहायचीच नाही. एक दिवस शून्य धरायचा आणि तिथून पुढचे दिवस मोजत जायचे.

"पण शून्य कुठला धरायचा?"

"माझं लग्न," सहकारी म्हणाले. "त्याआधीचं आयुष्य उणेच."

मीही हसत हसत त्यांनी सांगितलेली तारीख घातली. या खेपेला विहिरी शहाण्यासारख्या वागल्या. आम्ही खुशीत त्यांच्या घरी गेलो आणि तो लांबलचक कागद जमिनीवर पसरला. वहिनी शाळेत गणितच शिकवायच्या. त्यांनी सगळ्यात वरची ओळ वाचली.

"ही तारीख कसली?"

"आपल्या लग्नाची!"

"त्या दिवशी हळद होती. लग्न दुसऱ्या दिवशी."

वहिनी कागदाकडे बघतच राहिल्या, मग सावकाश म्हणाल्या, "म्हणजे दरवर्षी आदल्या दिवशी गजरा आणता, तो हौसेनं नव्हे तर! मी आपली मैत्रिणींना सांगत फिरतेय, यांना दम निघत नाही म्हणून."

मी मध्ये पडलो. "वहिनी, शून्य एक दिवस सरकला तरी दोन तारखांमधलं अंतर तेच राहतं. विहिरींना काही फरक पडत नाही."

"विहिरींना नसेल पडत."

मी निमूटपणे ते कार्ड बदललं आणि गठ्ठा पुन्हा पुण्याला धाडला. आठवड्याने उत्तरं आली, जशीच्या तशी. वहिनींनी एकेक आकडा जुन्या कागदाशी ताडून पाहिला, मान हलवली आणि शेंगापोळीवर तूप वाढलं. आधी मला. यजमानांना बऱ्याच वेळाने.