पायपुसण्यावरची पालघट

माझ्या देवीवर लोक बूट पुसत होते. अमेरिकेत चँडलरला, मराठी मंडळाच्या दिवाळीत, हॉलच्या दारात.

खास छापून घेतलेलं पायपुसणं. त्यावर आमचा लग्नाचा चौक आणि मधोमध पालघट. जिच्यातून झाडं, धान्य, माणसं सगळं निघालं, ती आमची आई. तिच्या तोंडावर पार्किंगमधली धूळ.

मी वारली. तलासरीकडची. इथे चिपच्या कंपनीत इंजिनिअर. मंडळाच्या सेक्रेटरी काकूंनीच फोन केला होता, "तुझ्या ट्रायबल आर्टवर दोन शब्द बोल. आणि ती गुडघ्यापर्यंतची साडी नेसून ये हं, फोटो मस्त येतात." मी ऑफिसच्या कपड्यांतच गेले.

"काकू, हे उचला. ही देवी आहे."

काकू हसल्या. "अगं, चौक जमिनीवरच असतो. आम्ही नाही का दारात रांगोळी काढत?"

तुमचा असेल. आमचा भिंतीवर असतो. लग्नघरात सवासिनी तांदळाच्या पिठाने तो लिहितात. हो, लिहितात. माझी आई लिहायची. लिहून झाला की त्यावर कापड टाकायचं. मग धवलेरी, म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई, गाऊन देवीला बोलावते. तोवर तिचं तोंडसुद्धा बघायचं नाही. आणि इथे कोणीही यावं, टाच घासावी!

हे सगळं मी काकूंना सांगितलं. संताप मस्तकात गेला होता, तरी नीट सांगितलं. बाजूला एक काका होते, रिटायर्ड डॉक्टर. चकली मोडत म्हणाले, "गोल, त्रिकोण, काड्यांची माणसं. त्यात देव कुठून आला? इतकं पर्सनली घेऊ नये. उलट तुमची कला अमेरिकेपर्यंत पोचवली आम्ही."

वा रे वा! पोचवली. कुठे, तर पायाखाली.

समोर स्टेजवर लक्ष्मी होती, फुलांत. चकली संपवून तिकडे गेलेले हेच काका पायरी चढण्याआधी वाकून बूट काढत होते. म्हणजे देवापुढे कसं वागायचं ते यांना चांगलं कळतं.

कॉलेजात मला 'कोट्यातली' म्हणाले, मी ऐकून घेतलं. इथे 'एक्झॉटिक' म्हणाले, तेही ऐकून घेतलं. पण हे नाही. आईने हात जोडले ते हिच्यापुढे.

मी वाकले. पायपुसण्यावर एक जण उभा होता.

"पाय काढा."

"एक्स्क्यूज मी?"

"पाय काढा म्हटलं."

त्याने काढला. मी पायपुसणं झटकलं, गुंडाळलं, काखेत मारलं.

काकू मागे धावल्या. "अगं, ते मंडळाचं आहे! आणि तुझ्या प्रोग्रॅमचं काय? लोक बसलेत."

"बसू देत. ही मंडळाची नाही."

घरी येऊन तिचं तोंड धुतलं. रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून आहे. तो मी विझू देणार नाही.

तुम्ही पुन्हा बोलवाल. मी येईन. दारात आल्यावर आधी खाली बघेन. ती तिथे असली, तर तुमचा कार्यक्रम होणार नाही.