सतरा नंबरची बाई

पोहे परतत होते तेव्हा यमुनाताईंच्या मुलाचा, दत्ताचा फोन आला. "बाई, आय नाय राहिली," एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला आणि पहिला विचार काय आला, तर आज दुकानात टेबलावर कोण बसणार... आपण किती कोडगे असतो ते अशा वेळी कळतं. यमुनाताईंना जाऊन आता दीड महिना झाला. तो विचार अजून टोचतो, पण त्याहून टोचणारं नंतर घडलं, आणि ते माझ्या हातून घडलं, म्हणून हे लिहितेय.

आमचं दुकान बोईसरला, एका बंद पडलेल्या शिवणवर्गाच्या खोलीत. चालवणाऱ्या आम्ही पाच बायका, सगळ्या बिनपगारी. लोकांनी घरातल्या चांगल्या, पण नको झालेल्या वस्तू आणून ठेवायच्या, आम्ही विकायच्या. येईल त्यातलं निम्मं वस्तूच्या मालकाला, निम्मं मुंबईला उपचारांसाठी खेपा घालणाऱ्या आजाऱ्यांना. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे नियम करायची हौस दांडगी. वस्तूवर नाव नाही, फक्त नंबर, हा नियम माझाच. घरातलं भांडं विकायला काढलं की गावभर बोभाटा होतो, म्हणून. नावांची वही यमुनाताईंच्या ताब्यात असे. ती दुसऱ्या कुणी उघडायची नाही, हाही नियम माझाच.

यमुनाताई तारापूरकडच्या एका कोळीवाड्यातल्या. उभा जन्म बाजारात मासळी विकली, गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा टोपली ठेवली आणि आमच्याकडे आल्या. घरी बसून करू काय, म्हणाल्या. पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. मी 'एकच भाव' अशी पाटी लावली होती, आणि या बाई चिठ्ठीवर मुद्दाम चढा भाव लिहून ठेवायच्या, उतरवता यावा म्हणून! कारखान्यातल्या कामगारांच्या बायका "दीदी, कम करो ना" म्हणाल्या की यांचा चेहरा खुलायचा. "क्या कम करेगा? बूड देख उसका, बूड!" असं म्हणत पातेलं उलटं करून दाखवायच्या, आणि मग हवं तेवढं उतरायच्या. मी चिडले की म्हणायच्या, "बाई, भाव न करता घेतलेली वस्तू आपली वाटत नाय." पुढे एक दिवस पाटी दिसेना. शोधली तर तिच्यावर यांनी एक साडी विकायला लटकवली होती. दोघी पोट धरून हसलो.

दिवाळी झाली आणि सतरा नंबरच्या वस्तू यायला लागल्या. आधी दोन समया, मग पितळी परात, मग नारळी पुनवेला नेसावं असं जरीकाठी लुगडं. सगळं भराभर गेलं. मग एक तांब्याचं घंगाळ आलं, चांगलं जड, पण अंगभर पोचे. मी ते पाहिलं आणि माझी जीभ सुटली. "कोण ही सतरा नंबर? भंगारवाल्याला द्यायचं ते आपल्या गळ्यात मारतेय. काही लाज? परत पाठवा." यमुनाताईंनी घंगाळ पदराने पुसलं, पिशवीत घातलं. "बरं. सांगते त्या बाईला," म्हणाल्या. संध्याकाळी ते ओझं मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या, आणि दारात उभी राहून मी त्यांना वर सांगतेय, गुडघे सांभाळा...

त्या वारल्यावर उरलेल्या वस्तू ज्याच्या त्याला पोचवायच्या म्हणून वही मला उघडावी लागली. सतरा नंबरपुढे त्यांचंच नाव. वहीखाली पालघरच्या डॉक्टरांची फाइल. पोटात गाठ. ताबडतोब मुंबईला न्या, असं दिवाळीच्या आधीच लिहून दिलेलं. घरी त्यांनी पित्त म्हणून सांगितलं होतं, आम्हालाही तेच. आजाऱ्यांसाठी दुकान काढलेल्या आम्ही पाच शहाण्या, आणि आजारी बाई आमच्याच टेबलावर बसून चिठ्ठ्या लिहीत होती. मला स्वतःची शरम वाटली, आजही वाटते. पण नाव सांगायचं नाही, हा नियम. तो निदान आता तरी पाळायचा, असं मी ठरवलं.

बाराव्यानंतर त्यांच्या घरी गेले. ओटीवर दत्ताची बहीण कुणाला तरी सांगत होती, आत ऐकू जाईल अशा आवाजात. "समया नाय, परात नाय. आयचं जरीचं लुगडं पन नाय. सगलं पामला गेलं." पाम म्हणजे तिच्या भावजयीचं, रेश्माचं माहेर. रेश्मा आत भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही. दत्ता गप्प बसून होता. नवऱ्याने अशा वेळी गप्प बसणं म्हणजे काय, हे बायकांना सांगावं लागत नाही. मला राहवेना. मेलेल्या बाईचं गुपित मोठं, की जित्या मुलीच्या कपाळावरचा डाग? मी तिथेच सांगून टाकलं. "तुझ्या आईनेच ते आमच्या दुकानात ठेवलं, दत्ता. औषधासाठी."

"कसलं औषध?" तो म्हणाला. मग फाइल, गाठ, डॉक्टर... सगळंच आलं. त्याने एकच विचारलं, "कधीपासून म्हाईत होतं तिला?" मी म्हटलं, दिवाळीच्या आधीपासून. त्याने रेश्माकडे पाहिलं. "तुला?" तिने नाही म्हणून मान हलवली. तो उठला आणि चपला न घालताच बाहेर गेला. नणंद पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं, झालं ते बरं झालं, मुलगी सुटली.

रेश्मा मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. ओले हात तसेच. वळणावर थांबून म्हणाली, "समया मीच पिशवीत भरून द्यायची, बाई. सासूनी शपथ घातलेली. कळलं तर दत्ता बोट विकून मला मुंबईला नेईल, बोलायची. मंग पोरं खातील काय?"

"अगं, पण तुला चोर म्हणत होते..."

"म्हनू द्यायचं होतं. दोन वरसांनी इसरले असते." ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. "तुमी चांगल्यासाठीच बोललाव. पन आता तो त्या बोटीत चढंल कसा?"

परवा बाजारात त्यांच्या गावची एक बाई भेटली. म्हणाली, सगळ्यांच्या बोटी जातायत, दत्ताची तेवढी वाळूवर ओढून ठेवलीय. तो रोज सकाळी जातो, तिला हात लावून उभा राहतो, आणि घरी परत येतो.