विटकरी स्वेटर

आम्ही कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या पाच मैत्रिणी नवरे-मुलं घरी ठेवून टाहोच्या बर्फाळ डोंगरांत स्की करायला गेलो होतो. नवशिक्यांच्या उतारावर एक मराठी काकू भेटल्या. सत्तरीच्या आसपासच्या, एकट्याच आलेल्या. आम्ही सगळ्या चकचकीत जॅकेटांत, आणि त्यांच्या अंगात हातानं विणलेला जाड, विटकरी रंगाचा लोकरीचा स्वेटर. दर चार हातांवर त्या पडायच्या, बाह्यांवरचा बर्फ झटकायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या.

लंचला त्या माझ्या शेजारी बसल्या. माझा आतला कॉटनचा टी-शर्ट घामानं भिजला होता आणि मी कुडकुडत होते. त्यांनी माझी बोटं धरून आपल्या बाहीत सरकवली. बाही वरून ओली होती, पण आत छान ऊब होती.

"लोकर आहे. भिजली तरी गार पडत नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही विणलात, काकू?"

"हो. चाळीस वर्षं नवऱ्याचे विणले, मुलांचे विणले, मग नातवंडांचे. माझ्या मापाचा हा पहिलाच."

आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी बाह्या ओढून मनगटावर नीट बसवल्या आणि सूप प्यायला घेतलं. घरच्यांना विचारता विचारता ही ट्रिप मी दोनदा कॅन्सल केली होती, ते मला आठवलं.

दुपारी त्या न पडता थेट खालपर्यंत आल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी फोन काढला.

"फोटो नंतर काढ गं," डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेकडे वळत त्या म्हणाल्या, "आधी अजून एकदा जाऊन येते."