स्वतःविरुद्धचा अर्ज

"अजून काही राहिलंय का?" शिव्या देणारा दमून थांबला की मास्तर असं विचारायचे. त्यात टोमणा नसायचा. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसं, सरळ विचारायचे. समोरचा त्यानेच जास्त भडकायचा. आणि खरं सांगतो, मीही भडकायचो.

मिठाचा सत्याग्रह व्हायला तेव्हा अजून दोन-तीन वर्षं होती. मी शाळाखात्याच्या कचेरीत कारकून होतो. शाळा, शिक्षक, फळे, नकाशे, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. उरणच्या बाजूला, मिठागरांच्या पलीकडे एक गाव होतं. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर हे मास्तर. मराठी माणूस, धर्माने ख्रिस्ती. गावात लिहिता येणारे ते एकटेच. शाळा सुटली की पायरीवर बसून अख्ख्या गावाची पत्रं आणि अर्ज लिहून द्यायचे. अक्षर असं की पाकिटावरूनच मी ओळखायचो, त्या गावाचा कागद आला.

आणि हेच गाव त्यांना विहिरीवर पाय ठेवू देत नव्हतं. ख्रिस्ती माणूस विहिरीत पाव टाकतो आणि ते पाणी पिणारे सगळे बाटतात, असा तिथला समज. एखादी बाई वरून त्यांच्या मडक्यात पाणी ओतायची, तेव्हाही लांबून कुणीतरी ओरडायचाच, "ए बाटग्या, पाव टाकशील हां!"

मास्तर म्हणायचे, "दादा, इथे पाव मिळतोय कुठे? मिळाला तर मीच नाही का खाणार?"

बायका पदराआड हसायच्या. ओरडणारा हसायचा नाही.

एका वैशाखात शाळेत एक मुलगी चक्कर येऊन पडली. मिठागराच्या मुकादमाची पुतणी. मास्तरांनी आपल्या मडक्यातलं पाणी तिला पाजलं. मुलगी उठून बसली, आणि संध्याकाळपर्यंत ती बाटल्याची बोंब गावभर झाली.

दुसऱ्या दिवशी मुकादम शाळेच्या दारात उभा राहिला आणि पोरांदेखत मास्तरांची आई, बाप, पूर्वज सगळं काढलं. "पोटासाठी देव विकलास! आता आमची पोरं विकनार?" मास्तर खडू हातात धरून उभे होते. तो थांबला तेव्हा त्यांनी आपलं नेहमीचं विचारलं.

"र्‍हायलंय!" मुकादम म्हणाला. "अर्ज करतो तुझ्यावर. हितनं उचलतो तुला!"

तिसऱ्या दिवशी तोच मुकादम चार माणसं घेऊन पायरीवर आला. "मास्तर, अर्ज लिवायचा हाय."

"कशाबद्दल?"

"तुझ्याबद्दल. गावात दुसरा कोन हाय लिवनारा?"

"बसा," मास्तर म्हणाले. "टाक-दौत घेऊन येतो."

तो अर्ज माझ्या टेबलावर आला. पाकीट ओळखीचं, अक्षर ओळखीचं. मी तो तीनदा वाचला, कारण माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. सदर शिक्षक मुलांस बाटवितो, असे आमचे म्हणणे आहे. सदर शिक्षक हलक्या रक्ताचा आहे, असे आमचे म्हणणे आहे. त्यांच्या आईबद्दलचा शब्दसुद्धा जसाच्या तसा होता. फक्त त्या एका शब्दावर टाक रुतून कागद फाटला होता. खाली पाच अंगठे. आणि अंगठ्यांच्या वर एक ओळ: नवीन शिक्षक येईपर्यंत शाळा एक दिवसही बंद राहू नये, अशी व्यवस्था व्हावी.

ही ओळ मुकादमाला सुचणं शक्य नव्हतं.

आठवड्याने मास्तर खडू न्यायला कचेरीत आले. मी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि तोंड सोडलं. "तुम्हाला वेड लागलंय का हो? ज्यांनी आईवरून शिव्या दिल्या त्यांचे तुम्ही लेखनिक?"

"भाऊसाहेब, ते पायरीवर आले होते."

"हाकलायचं होतं!"

"शाप देणाऱ्याला आशीर्वाद द्यावा, असं आम्हाला सांगितलेलं आहे. मला तोंडाने नाही हो जमत. अक्षर तेवढं बरं आहे."

"आणि कागद फाटला तो?"

"तिथे राग आला," ते म्हणाले. "दुसरा कागद घ्यायला हवा होता. नव्हता."

"शेवटची ओळ कुणाची?"

"माझी. वाचून दाखवली त्यांना. मुकादम म्हणाला, त्ये बी र्‍हाऊ दे."

आता माझी चूक सांगतो. मला वाटलं, आमच्या साहेबांना हे सगळं कळलं तर ते अर्ज फाडून टाकतील. म्हणून मी आत जाऊन म्हटलं, "साहेब, हे अक्षर खुद्द मास्तरांचंच आहे. असा माणूस आहे तो."

साहेबांनी चष्मा लावला. "म्हणजे आरोप त्याला कबूल आहेत. आणि ही शेवटची ओळ पाहिलीत? बदली लांबवायची युक्ती. लबाड आहे." त्यांनी ती ओळ तांबड्या शाईने खोडली आणि तत्काळ बदलीचा हुकूम लिहिला. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "नक्कल काढा." मी नक्कल काढली. बदली म्हसळ्याच्या आतल्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर.

मास्तर मचव्यात बसले तेव्हा मी धक्क्यावर होतो. गावातलं कुणी नव्हतं. त्यांनी मला एकच विचारलं, "नवीन मास्तर कोण येतायत?" नेमणूक अजून कुणाचीच नव्हती. ते मान वळवून मिठागरांकडे बघत बसले, मचवा खाडीबाहेर पडेपर्यंत. पुन्हा आमची भेट झाली नाही.

नवीन मास्तर कुणी आलंच नाही. श्रावणात मी त्या शाळेची चीजवस्त मोजायला गेलो. फळा एक, नकाशा एक, तरटं सहा, त्यातली दोन उंदरांनी कुरतडलेली. कुलूप लावत होतो, तर मुकादम आला. टोपी काढून उभा राहिला.

"रावसाहेब, मास्तर कवा येनार? पोरं मोकाट झाली. पुतनी पाटी घेऊन दारात बसते."

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं, मला माहीत नाही. माझं डोकं तापलं. "अर्ज करा," मी म्हटलं. "अर्ज करायची सवय आहे की तुम्हाला."

तो खाली बघत म्हणाला, "लिवनार कोन?"

माझ्या पिशवीत कागद होता, टाक होता, दौत होती. मी पिशवीचं तोंड आवळलं आणि बांधावरून चालू लागलो.

ती शाळा त्या वर्षी रिकाम्या शाळांच्या यादीत राहिली. पुढच्या वर्षीही राहिली. यादी मीच करत होतो.