ताईसाठी जमवलेली भांडी

चिंचेच्या कोळाचा वास आला की शेगावचं आमचं अंगण आठवतं. ताईचं लग्न ठरलं होतं. भाजी विकून विकून आईनं तिच्यासाठी जमवलेली पितळी भांडी त्या दुपारी घासायला काढली होती. ताई म्हणाली, "आई, पुण्यात दोनच खोल्या हायेत. मले यातलं काईच नको." आईचा हात थांबला नाही. भात शिजवायचा घासलेला गंज तिनं पुन्हा घासला, उन्हात ठेवला, उचलून सावलीत नेला. मी नुसती आत-बाहेर करत होते. शेवटी आईनं विचारलं, "मंग मी तुले देऊ तरी काय वं?" ताई तिच्याजवळ टेकली आणि चिंचेचा कोळ घेऊन दुसरं भांडं घासू लागली. आज माझी लेक पाठीवर एकच पिशवी घेऊन नोकरीला निघाली आहे, आणि मी सकाळपासून कपाटं उघडतेय, लावतेय.