डोंगराचा एक्सल, रस्त्याचा एक्सल

माझं माहेर मिरजेचं. आमच्या गल्लीत तंबोरे घडतात, त्यामुळे भोपळा कुठला चांगला हे मला लहानपणापासून कळतं. एक्सल कुठला चांगला हे समजून घ्यायची वेळ कुंडलला नांदायला आल्यावर आली, आणि खरं सांगायचं तर ते मला आजही धड कळत नाही.

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. सासरे फौजेत गाड्याच चालवायचे, निवृत्त झाल्यावर त्यांनी ती हौसेनं घेतली. गाव त्यांना मेजरच म्हणतं. त्यांचे गुडघे गेल्यापासून मी चालवते, कारण नवराही फौजेत, तिकडे सीमेवर. एकदा खताची पोती घेऊन पाण्याची चारी ओलांडताना मागच्या चाकांना जोडणारा एक्सल वाकला. पुढचा तर कधीपासूनच गळत होता. आष्ट्याच्या मेकॅनिकनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "वैनी, दुरुस्तीत राम न्हाई. जुन्या बाजारातनं जोडी आणून बसवू. फकस्त रेशो कुठला पायजे तेवढं सांगा."

इथं घोडं अडलं.

रेशो म्हणजे, इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं तो आकडा. आकडा मोठा असला की गाडी डोंगर चढते, पण रस्त्यावर इंजिन नुसतं बोंबलतं. लहान असला की रस्त्यावर पळते, पण चढाला मान टाकते. त्याच्या माहितीत दोन जोड्या होत्या, एक पाच पॉइंट अडतीसची आणि एक तीन पॉइंट त्र्याहत्तरची.

"म्हणजे मोठा आकडा कमी पळणार?"

"व्हय."

"मग तो मोठा कसला?"

त्यानं पान्ह्यानं पाठ खाजवली. "वैनी, आपण एकाला डोंगराचा म्हणू, एकाला रस्त्याचा. आन एक ध्यानात ठेवा, पुढचा आन मागचा एकाच आकड्याचा लागतोय. चारी चाकं एकदम वढायची म्हटल्यावर पुढची रेंगाळतात आन मागची पळतात, असं चालत न्हाई."

एवढं मात्र कळलं. पण कुठला घ्यायचा?

सासूबाईंची रक्षा आम्ही नदीत सोडली नाही. डोंगराकडच्या रानात खड्डा घेऊन त्यात घातली आणि वर आंबा लावला. हल्ली आमच्याकडे बरेच जण असं करतात. रान उंचावर, वाट सगळी दगडगोट्यांची, वर पाणी नाही. दर आठवड्याला मामा, म्हणजे माझे सासरे, पाण्याचे कॅन जीपमध्ये ठेवायला लावतात आणि आम्ही जाऊन आंब्याला पाणी घालून येतो. जीप चढली नाही तर त्यांच्या गुडघ्यांना ती वाट झेपणार नाही. म्हणजे डोंगराचा पाहिजे.

आणि रस्त्याचा मला पाहिजे होता. ज्या सकाळी सासूबाईंच्या छातीत कळ आली, तेव्हा अँब्युलन्सची वाट बघत बसायचा धीर मला झाला नाही. मागच्या सीटवर मामांच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं आणि मी मिरजेला निघाले. जीप नुसती किंचाळत होती. पाय पार खाली दाबला तरी वेग वाढेना. दुधाचा टेम्पोसुद्धा आम्हाला मागं टाकून गेला. मी स्टेअरिंगवर मुठी आपटत होते. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी जीपमध्येच त्यांना तपासलं आणि मान हलवली. आता मामांनाही छातीच्या गोळ्या चालू आहेत. पुन्हा तशी सकाळ आली तर मला ती किंचाळणारी गाडी नको होती.

नवऱ्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "उसाचा ट्रॅक्टर पळतोय का? न्हाई. पण वढतोय न्हवं?"

"मग डोंगराचा घेऊ?"

"तसं न्हाई. डिझेल लय खाईल. तू चालवतीस, तूच ठरव." एवढं बोलून त्याची रेंज गेली. चांगल्या वेळेला जाते.

मामांनी तर जुन्याचाच आकडा काढून दाखवायचं ठरवलं. अंगणात एक चाक जॅकवर उचललं, टायरवर खडूची खूण केली, आणि मी चाक फिरवत असताना त्यांनी दांड्याचे फेरे मोजले. तिनाच्या आतच आले. हे डोंगराचंही नाही आणि रस्त्याचंही नाही. संध्याकाळी जेवताना मामांचा घास हातातच राहिला. "आगं, एकच चाक उचललं की त्याला दोन फेरं द्यायचं असत्यात. इसरलोच की." आकडा दुप्पट झाला, म्हणजे जुना डोंगराचाच निघाला, जे मला मिरजेच्या रस्त्यावर आधीच कळलं होतं.

"मामा, तुम्हाला कुठला वाटतो?"

"तुला पायजे तो घे, पोरी."

शेवटी दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामे कॅन धुऊन उन्हात उपडे घातलेले मला दिसले आणि मी आष्ट्याला फोन करून डोंगराचा सांगून टाकला. मामांना बोलले नाही. छातीच्या गोळ्यांचा विचार तेवढ्यापुरता बाजूला सारला, पण तो काही गेला नाही.

जीप परत आली आणि मी आणखीच गोंधळले. आष्ट्याहून कुंडलपर्यंत ती अशी पळाली की मला आनंद व्हायला हवा होता. किंचाळणं नाही, काही नाही. डोंगराचा एक्सल असा कसा पळतो? मग वाटलं, मलाच कळत नाही, मेकॅनिकचा हात चांगला असेल.

रविवारी कॅन भरून निघालो. चढाच्या तोंडाशी मामांनी सवयीप्रमाणे "थांब" म्हटलं आणि स्वतःच्या हातानं चारी चाकांचा लिव्हर ओढला. आमच्या भागात हे कोणी करत नाही. डिझेल वाचावं म्हणून लोक पुढचा दांडाच काढून ठेवतात आणि चार चाकांची गाडी दोन चाकांवर वापरतात. मामा मात्र फौजेतले. चढ आला की लिव्हर, मग तो चढ केवढा का असेना.

थोडं अंतर गेलो आणि स्टेअरिंग दगडासारखं झालं. टायर खरडायला लागले. मग खालून धाडकन आवाज आला आणि गाडी जागेवर बंद. लिव्हर निघेना. आंबा वर दिसत होता.

मी तिथूनच मेकॅनिकला फोन लावला, स्पीकरवर.

"आवं वैनी, लिव्हर लावला व्हय?" तो घाबरूनच गेला. "तुमी डोंगराचा सांगितला, आन मेजर म्हणालं रस्त्याचा बसव. आता मेजरला न्हाई कसं म्हणायचं, आन तुमालाबी कसं? म्हणून पुढं डोंगराचा टाकला, मागं रस्त्याचा. पुढचा कोण लावतंय आपल्याकडं?"

मी फोन बंद केला. मामा डोंगराकडे बघत होते.

"मामा, रस्त्याचा कशाला? तुम्हाला इथं यायचं असतं की."

"तुझ्यासाठनं," ते म्हणाले. "आजूनबी मिरजेच्या रस्त्याला लागलीस की मुठी आवळतीस. मला दिसतंय न्हवं. गाडी पळाली तर पोरीच्या जिवाला बरं वाटंल, म्हटलं."

मला राग आला, कोणाचा ते कळेना. मी म्हणाले, "त्या दिवशी पळाली असती तर आई वाचल्या असत्या."

मामा म्हणाले, "ती पलूसच्या पुढं गेलीच हुती, पोरी. माझ्या मांडीवर."

"मग सांगितलं का नाही? मी तिथून मिरजेपर्यंत—"

"तू एवढी जीव तोडून चालवत हुतीस. कसं सांगू?"

मला रडू आलं ते तिथंच, स्टेअरिंगवर डोकं ठेवून. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, तशी आमच्यात पद्धत नाही. ते खाली उतरले आणि एका दगडावर बसले. मग मी एकेक कॅन उचलून वर नेला आणि आंब्याला पाणी घातलं. खाली आल्यावर त्यांनी सांगितलं तशी जीप जरा मागं घेतली. लिव्हर सुटला.

दोघांनी मिळून आष्ट्याला फोन केला, तोही मामांच्या हट्टानं, म्हणजे पुन्हा दोन हुकूम जायला नकोत. मागचाही डोंगराचा बसवला.

मामांना तपासायला मिरजेला न्यावं लागतंच. इंजिन पहिल्यासारखं किंचाळतं, सगळे आम्हाला मागं टाकून जातात, आणि मामा शेजारी बसून निवांत डुलकी काढतात. पलूस आलं की मीच पाय थोडा आणखी उचलते. पलूसच्या पुढं म्हणजे नेमकं कुठं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही, म्हणून तिथून मिरजेपर्यंतचा सगळाच रस्ता मी हळू चालवते.