पात्र सभासद उपलब्ध नाही

"मावशी, झाडू मारायचं काम पाहिजे असेल तर मॅनेजरला भेटा. कमिटीत डोकं लागतं."

चेअरमन असं म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो.

रविवारची सकाळ, कमिटीची सभा. भांडुपमधल्या आमच्या सोसायटीचं ऑफिस. शेवंतामावशी दारात उभी. दुसऱ्या मजल्यावर तिचं स्वतःचं घर, तिच्या नावावर. उभी हयात महापालिकेत रस्ते झाडले, आता रिटायर. आत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं.

कमिटीतली अनुसूचित जातीची राखीव जागा रिकामी झाली होती. आधीचे सभासद घर विकून गेले. अशी जागा भरायची तर नोटीस लावायची, त्याच वर्गातल्यांकडून अर्ज मागवायचे, मग सभेत ठराव. नोटीस लावणं सेक्रेटरीचं काम. सेक्रेटरी मी. चेअरमन म्हणाला, "कशाला उगाच झंझट?" मी लावली नाही. मावशीच्या कुठून तरी कानावर आलं आणि ती आपणहून अर्ज घेऊन आली.

तिने तो माझ्या हातात दिला. चेअरमनने माझ्या हातातून काढून ड्रॉवरमध्ये टाकला. ती गेल्यावर तो सांगत गेला, मी मिनिट्स बुकात उतरवत गेलो. 'सदर वर्गातील पात्र सभासद उपलब्ध नाही.' म्हणून त्या जागेवर त्याच्या मेहुण्याला घेतलं. माझं अक्षर सुंदर आहे म्हणतात. आग लागो त्या अक्षराला.

कारण पात्र सभासद तिथेच बसून लिहीत होता. मी त्याच जातीचा.

बापाने आडनाव बदलून गावावरून 'कर' लावून घेतलं. इथे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सोसायटीच्या पूजेला मला आधी बोलावतात. बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

संध्याकाळी मावशी जिन्यात भेटली.

"काय झालं रं माझ्या अर्जाचं?"

"उशिरा आला, मावशी. नियमात बसत नाही."

तिने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुझी आय आन् मी झाडूखात्याच्या एकाच चौकीवर हजेरी लावायचो. तू इथं ऱ्हायला आलास तवाच वळखलं मी. कुनाला बोलले नाय. म्हटलं, पोराचं बरं चाललंय, चालू दे. आन् तू माझं नाव कापलंस?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिची ओळख मी अशी पुरली होती की तिचा विषय निघताच दचकलो. थू माझ्या जिंदगानीवर.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचलं. त्या ओळीपाशी थांबलो.

"हे खोटं आहे. अर्ज आला होता. नोटीस मी लावली नव्हती. हे मी कायम करणार नाही."

चेअरमन हसला. "तुला तिचा एवढा पुळका कशाला रे?"

"मीपण त्याच जातीचा आहे."

खजिनदार माझ्या शेजारी बसले होते, ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाकीच्यांनी हात वर करून तेच खोटं कायम केलं. मी सही केली नाही. माझा विरोध लाल शाईने त्याच पानावर लिहिला आणि खाली बापाने टाकून दिलेलं आडनाव लिहिलं.

मेहुणा अजून त्या जागेवर बसतो. पूजेचं बोलावणं बंद झालंय. मावशी जिन्यात दिसली की तोंड फिरवते, आणि तिचं बरोबर आहे. मी तिच्या दारात माफी मागायला गेलेलो नाही. दोन शब्द बोलून मोकळं व्हायचं, एवढी स्वस्त नाही ती माफी. त्या पानाची नक्कल आणि नोटीस न लावल्याचा माझा लेखी कबुलीजबाब घेऊन मी उद्या सहकार खात्याच्या निबंधकांकडे जातोय. माझं सेक्रेटरीपद गेलं तर जाऊ दे. ती जागा मावशीची आहे, आणि ती तिला मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही.